आधी कागद, मग पैसे

स्वतःचं घर! प्रॉव्हिडंट फंडातली शिल्लक, मोडलेल्या पाटल्या, बँकेचं कर्ज, सारं त्या दोन खोल्यांसाठी एकत्र येतं. जागा बघताना ओटा केवढा, वारा येतो का, हे आपण बारकाईनं पाहतो. कागद मात्र ‘ते हे बघतील’ म्हणून सोडून देतो. मैत्रिणींनो, फसगत होते ती कागदातच!

‘आजच टोकन द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय,’ असं कानावर आलं की सावध व्हा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवला जाईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे चाळीस लाखांच्या ब्लॉकला आधी फार तर चार लाख. तेही चेकनं आणि पावती घेऊन. रोख रकमेची पावती नसेल, तर उद्या परत मागायला तोंड राहत नाही.

जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक असतो. तो महारेराच्या संकेतस्थळावर जरूर पाहा, पण तेवढ्यावर विसंबू नका. डोंबिवलीत बांधकामाच्या बनावट परवानग्या दाखवून असे क्रमांक मिळवल्याचं उघडकीस आलं. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तिथल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत कर्ज काढून घर घेतलेली साधी कुटुंबं होती! म्हणून परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ‘हा कागद तुमचाच ना?’ असं सरळ विचारा. कागद जिथून निघाला, तिथंच त्याची खात्री होते.

आणखी काही गोष्टी गाठीशी बांधून ठेवा:

• भाव ‘सुपर बिल्ट-अप’वर नव्हे, कार्पेट क्षेत्रफळावर ठरवा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत.

• भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय राहायला जाऊ नका. ‘चार दिवसांत येईल’ यावर भिस्त नको.

• जुना ब्लॉक घेताना सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. भागपत्र कुणाच्या नावावर आहे, थकबाकी किती, जागेवर कर्ज आहे का, ते विचारा.

• जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध स्वतःच्या वकिलाकडून घ्या. बिल्डरचा वकील बिल्डरचाच असतो, बरं का!

महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे हल्ली कित्येक घरांत करारनाम्यावर सही आपलीच असते. ‘इथं सही करा’ असं म्हणून कुणी बोट ठेवलं, तर पेन खाली ठेवा आणि करारनामा एक रात्र घरी आणून सावकाश वाचा. वाचायला वेळ न देणाऱ्याचा ब्लॉक हातचा गेला, तर गेला. पाटल्या तरी शाबूत राहतील!