घोरण्यावर दातांचं उपकरण. पण आधी झोपेची तपासणी

औसा : कुणी जोरात घोरत असलं की आपण म्हणतो, 'गाढ झोपलाय.' पण घोरता घोरता श्वास मधेच थांबत असेल, माणूस दचकून उठत असेल, दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. झोपेत जीभ आणि घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते.

यावर दातांचे डॉक्टर मापाचं उपकरण बनवून देतात. रात्री ते दोन्ही दातओळींवर बसवायचं. खालचा जबडा थोडा पुढे राहतो, वाट मोकळी होते. सुरुवातीला जबडा दुखतो, लाळ सुटते. पूर्ण कवळी असेल तर सहसा बसत नाही.

तासाला ५ ते ३० वेळा श्वास अडणाऱ्यांना ते चालतं. त्यापेक्षा जास्त असेल तर आधी सीपॅप मशीन. तेच सोसवत नसेल तर हे. हा आकडा रात्रभराच्या तपासणीतूनच कळतो. ऑनलाइन स्वस्तातलं मागवू नका. घोरणं थांबतं, श्वास मात्र अडतच राहू शकतो, आणि घरच्यांना वाटतं बरं झालं.

लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, एमआयडीएसआर दंत महाविद्यालय आहे. तिथं चौकशी करा. जाताना शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्या, श्वास थांबलेला त्यांनीच पाहिलेला असतो.