अंगठ्याचे हाड वाढत नाही, सरकते

‘माझ्या अंगठ्याजवळचे हाड वाढलेय,’ ही तक्रार आपल्या वस्तीत बऱ्याच बायका करतात. अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला एक गाठ वर आलेली असते. सँडलमध्ये ती घासते, लाल होते आणि रात्री ठणकते. डॉक्टर तिला ‘बनियन’ म्हणतात. नाव ऐकून हसू येते, पण अंगात घालायच्या बनियनशी तिचा काही संबंध नाही.

घरात मग बाम चोळणे, मिठाच्या पाण्याचा शेक, कुणीतरी सांगितलेला लेप असे उपाय सुरू होतात. शेकाने तात्पुरते बरे वाटते, गाठ मात्र बसत नाही. कारण तिथे हाड वाढलेले नसते, ते जागेवरून सरकलेले असते. अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकत जातो आणि त्याच्या मागचे पंजाचे लांब हाड उलट बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते. दोन्ही हाडे जिथे जोडलेली असतात तो सांधा मग कोपरासारखा बाहेर येतो. हे एका दिवसात होत नाही, वर्षे लागतात. म्हणूनच दुखू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

उंच टाचेचा यात काय वाटा? अनवाणी उभे राहिलो तर शरीराचे वजन टाच आणि चवडा वाटून घेतात. टाच दोन-तीन इंच उचलली की पाय उतारावर ठेवल्यासारखा होतो, वजन चवड्यावर येते आणि पाऊल पुढे घसरते. पुढे बुटाचे टोक निमुळते असेल तर बोटांना जायला जागाच नसते. उंची ढकलते आणि टोक दाबते, असा दुहेरी मार बसतो. त्यामुळे सपाट पण टोकदार बेलीसुद्धा निर्दोष नाही.

इंग्लंडमधील केंब्रिज शहरात जुन्या दफनभूमींतील सांगाड्यांच्या पायांची हाडे तपासण्यात आली. त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. अकराव्या ते तेराव्या शतकातील सुमारे 6 टक्के लोकांना हा विकार होता. चौदाव्या-पंधराव्या शतकात तो सुमारे 27 टक्क्यांवर गेला. मधल्या काळात तिथे लांब टोकाच्या बुटांची फॅशन आली होती आणि ती पुरुषांमध्येही होती. म्हणजे ‘बायकांचे नखरे’ म्हणून हा विषय उडवून लावता येत नाही.

सगळा दोष चपलेचाच, असेही नाही. आई-आजीला ही गाठ असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. संधिवातातही होते. जन्मभर सपाट चप्पल वापरलेल्या बाईलाही होते. पण ज्यांच्या घरात हा विकार आहे, त्यांनी तरी रोजच्या वापराला टोकदार हील घेऊ नये.

14 एप्रिलच्या मिरवणुकीत पांढऱ्या साडीवर एखाद्या मुलीने नव्या उंच सँडल घातल्या म्हणून तिला बोलण्याचे कारण नाही. एका दिवसाने हाड सरकत नाही, फार तर टाचेला फोड येईल. प्रश्न रोजच्या आठ-दहा तासांचा आहे. आपल्या कितीतरी मुली आता मॉलमध्ये, शोरूममध्ये, हॉटेलच्या रिसेप्शनवर उभ्या असतात. काही ठिकाणी हील हा गणवेशाचाच भाग असतो. शिवाय येताना-जाताना गर्दीत उभे राहणे आहेच. मँचेस्टरच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले की वर्षानुवर्षे उंच टाच वापरणाऱ्या बायकांच्या पोटरीचे स्नायू आखूड झालेले असतात. म्हणूनच काहींना चप्पल काढून सपाट चालताना ओढ बसते. त्यांनी हील एकदम सोडू नये, उंची टप्प्याटप्प्याने कमी करावी.

मालकाचा हा नियम बदलू शकतो. फिलिपाइन्समध्ये दुकानांतील विक्रेत्या मुलींच्या तक्रारीनंतर 2017 साली सरकारने आदेश काढला. एक इंचाहून उंच टाचेची सक्ती करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. केरळात कापड दुकानांतील कामगार स्त्रिया बसण्याच्या हक्कासाठी लढल्या आणि 2018 मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. एकटीने सुपरवायझरशी वाद घालण्यापेक्षा चौघींनी मिळून ‘काळा सपाट बूट चालेल का’ असे लेखी विचारलेले बरे. तोवर पिशवीत साधी चप्पल ठेवावी आणि हील फक्त कामाच्या जागी घालावी.

नवी चप्पल घेण्याआधी घरी एक तपासणी करता येते. वर्तमानपत्रावर उभे राहून पेन्सिलने पावलाची बाह्यरेषा काढावी आणि नेहमीची सँडल त्यावर ठेवावी. रेषा सँडलच्या बाहेर येत असेल तर तेवढा पाय आपण रोज आत कोंबतो आहोत. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटायला हवी. शाळकरी मुलींच्या पायाची हाडे अजून पक्की झालेली नसतात, त्यांच्या बाबतीत हे जास्तच पाहावे. ‘चालून चालून सैल होईल’ या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नये.

बाजारात अंगठा सरळ करण्याचे पट्टे मिळतात. त्यांनी काहींना आराम वाटतो, पण मोठ्या माणसाचे सरकलेले हाड पट्ट्याने कायमचे सरळ होत नाही. रुंद चप्पल आणि गाठीवर मऊ गादी यांनी अनेकांचे काम भागते. चालणेच अवघड झाले तर सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रियेत हाड कापून पुन्हा सरळ बसवतात. त्यानंतर काही आठवडे नेहमीसारखे चालता येत नाही, तेव्हा कामावरची रजा आणि घरातली मदत यांचा विचार आधी करावा. नुसते दिसायला वाईट दिसते म्हणून ती करू नये.

अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल, गरम होऊन हात लावू देत नसेल, तर ते बनियन नसून युरिक ॲसिडचे दुखणे असू शकते. त्याचा उपचार वेगळा आहे. आणि साखरेचा आजार असलेल्यांनी गाठीवरची छोटी जखमही अंगावर काढू नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर ती दुखतसुद्धा नाही आणि आतून चिघळत जाते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.