विषाद
विषाद : मनाला खचवून टाकणाऱ्या खोल दुःखाचा वाचक असा तत्सम शब्द. ‘वि’ हा उपसर्ग व ‘सद्’ हा धातू यांपासून तो सिद्ध होतो. ‘बसणे’ हा या धातूचा जुना अर्थ असून लॅटिन ‘सेदेरे’ व इंग्रजी ‘सिट’ ही क्रियापदे त्याच्याच कुळातील आहेत. धातुपाठात त्याचे विशरण (विस्कळित होणे), गती आणि अवसादन (खचणे) असे अर्थ दिले आहेत. ‘वि’, ‘नि’ यांसारख्या इकारान्त उपसर्गांनंतर (‘प्रति’ वगळून) या धातूतील ‘स’चा ‘ष’ होतो, असा पाणिनीचा नियम आहे. म्हणून विषाद, विषण्ण, निषाद ही रूपे होतात, तर प्रसाद, अवसाद यांत मूळ ‘स’ टिकतो. ‘विष’ या शब्दाशी विषादाचा व्युत्पत्तिदृष्ट्या संबंध नाही.

शोक व विषाद यांत प्राचीनांनी भेद केला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा करुणरसाचा स्थायिभाव, तर विषाद हा तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक होय. हाती घेतलेले कार्य तडीस न जाणे, दैव प्रतिकूल होणे ही त्याची कारणे. उत्साहभंग व निःश्वास हे त्याचे अनुभाव. शोक गमावलेल्या गोष्टीसाठी असतो. विषादात कर्तृत्वशक्तीच खचते. भगवद्‌गीतेच्या पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ म्हणतात, ते यामुळेच यथार्थ ठरते. तेथे अर्जुनाची गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, हातातील धनुष्य निसटते. गात्रे गळण्यासाठी योजिलेले क्रियापदही ‘सद्’ धातूचेच आहे. उलटपक्षी, दुसऱ्या अध्यायात सर्व दुःखांचा नाश करणारी म्हणून सांगितलेली चित्ताची अवस्था ‘प्रसाद’ ही होय. गढूळ पाण्यातील गाळ खाली बसून ते निवळावे, तशी ही प्रसन्नता. अशा प्रकारे एकाच धातूपासून खचणे आणि निवळणे हे दोन्ही अर्थ निष्पन्न झाले आहेत.

सांख्यकारिकेत विषाद हे तमोगुणाचे स्वरूप मानले आहे. सुश्रुतसंहितेत त्याची गणना मानस व्याधींत होते, तर चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या कारणांत त्याला अग्रस्थान दिले आहे. म्हणजे मनाच्या खचण्याचा शरीरावर होणारा परिणाम आयुर्वेदाने ओळखला होता.

मराठीत ‘विषाद’ हा शब्द मुख्यतः ग्रांथिक भाषेत आढळतो. ‘विषण्ण’ हे विशेषण त्यामानाने अधिक रूढ आहे. आधुनिक मानसचिकित्सेत दीर्घकाळ टिकणाऱ्या विकृत खिन्नतेस ‘अवसाद’ अशी संज्ञा वापरली जाते. हा औषधे व मानसोपचार यांनी उपचार करण्याजोगा विकार आहे. विषाद हा मात्र भाववाचक शब्द असून रोगनिदान नव्हे.