छंद आणि आयुष्याचे टप्पे

मराठीत 'छंद' या शब्दाला दोन अर्थ आहेत. कवितेच्या लयबद्ध रचनेला छंद म्हणतात आणि मनाच्या आवडीलाही छंदच म्हणतात. फावल्या वेळात जोपासला जातो तो छंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती मान्य केली, तर ज्यांना फावला वेळच मिळत नाही, त्यांच्या वाट्याला छंदही नाही असे म्हणावे लागेल. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. अशा कष्टकरी जीवनात छंदाला स्थान कोठे, हा प्रश्न जात्यावरच्या ओवीच्या आधारे तपासता येतो.

दळण हे सक्तीचे काम होते. ओवी मात्र सक्तीची नव्हती. ओवी न म्हणताही पीठ पडतेच. म्हणूनच कामाशी जोडलेली असली, तरी ओवी ही स्त्रीने स्वतःच्या आवडीने जोपासलेली गोष्ट ठरते.

बालपण : पहाटे जात्याजवळ पेंगत बसलेल्या मुलीच्या कानांवर ओव्या पडत. कोणी मुद्दाम न शिकवता शब्द, लय आणि नातेसंबंधांची जाण तिच्यात रुजत असे. या वयात छंद शिक्षणाचे काम करतो.

प्रौढपण : सासरी जे उघडपणे बोलता येत नसे, ते ओवीत सांगता येई. माहेरची ओढ, भावाची वाट, संसारातील सल यांना तेथे वाट मिळे. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागला, की सांगणारीला ऐकणारीही लाभे. या वयात छंद मन मोकळे करतो आणि सोबत देतो.

वार्धक्य : पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. कष्ट वाचले, हे योग्यच झाले. परंतु ओव्या वृद्ध स्त्रियांच्या स्मरणातच उरल्या. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथेही १९९६ मध्ये ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या आहेत. ज्या स्त्रियांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांचे पाठांतर अभ्यासकांना मोलाचे वाटले. या वयात छंद माणसाला देणारा बनवतो.

यावरून दिसते, की छंद तोच राहिला तरी वयानुसार त्याचे फळ बदलते : प्रथम शिक्षण, मग आधार आणि शेवटी वारसा. तसेच, छंदासाठी मोकळा वेळ मिळेपर्यंत थांबण्याची गरज नसते. रोजच्या कामाच्या सोबतीनेही तो वाढतो. नोकरी, शेती व घर सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

स्वयं-अध्ययन : आपल्या घरातील वा गावातील एखाद्या वयोवृद्ध स्त्रीला आठवणाऱ्या दोन ओव्या तिच्याच बोलीत लिहून घ्या. त्या तिने कोणत्या वयात व कोणाकडून ऐकल्या, याचीही नोंद करा.