चिमटीत येईल तेवढीच!

सकाळी जिम, डब्यात सॅलड, ऑफिसच्या लिफ्टला रामराम. वजनाचा काटा चार किलो खालीही आला. पण जीन्सच्या वर डोकावणारा तो टायर? तो काही हलायला तयार नाही! क्रंचेस कितीही मारा, चरबी आधी कुठली जाणार हे हार्मोन्स आणि आनुवंशिकता ठरवतात. बायकांच्या मांड्यांवर आणि पुरुषांच्या कमरेभोवती ती ठाण मांडून बसते. मग वाटतं, करून टाकावं का एकदाचं लायपोसक्शन?

जरा थांबा. आधी पोटाला चिमटा काढून बघा. बोटांत जी जाड घडी येते, ती त्वचेखालची चरबी. लायपो काढतं ती फक्त हीच. पोट पुढे आलंय, पण टणक लागतंय आणि चिमटीत फारसं काही येत नाही? मग चरबी आत आहे, आतड्यांभोवती. तिथे लायपोची नळी जातच नाही. आणि डायबिटीस, हार्टच्या दुखण्याचा धोका जास्त वाढवते ती नेमकी ही आतली चरबी.

वरून सडपातळ दिसणाऱ्यांनीही खुशीत राहू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! भारतीयांसाठी कमरेची धोक्याची रेषा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर मानतात. टेप घ्या आणि मोजा.

नळी आत, चरबी बाहेर

लायपोमध्ये आधी सलाईन, भुलीचं औषध आणि रक्तस्राव कमी करणारं अ‍ॅड्रिनलिन चरबीत भरतात. मग छोट्याशा छेदातून पोकळ नळी घालून चरबी ओढून घेतात. नंतर काही दिवस सुट्टी, सूज, काळंनिळं अंग आणि काही आठवडे घट्ट प्रेशर गारमेंट. खरा शेप दिसायला काही महिने जातात.

आणि तब्येत? २००४ च्याच एका अमेरिकन अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांची सरासरी सुमारे १० किलो चरबी काढली. पण १०-१२ आठवड्यांनी बघितलं, तर ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, इन्शुलिनचं काम, सगळं जैसे थे! २०११ मध्ये कोलोराडोतल्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. वर्षभराने मांड्या बारीकच राहिल्या, पण शरीरातली एकूण चरबी परत आली होती आणि तिने मुक्काम हलवला होता पोटाकडे.

ब्युटी पार्लर नव्हे!

ही शस्त्रक्रिया आहे. इन्फेक्शन, ओबडधोबड त्वचा, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ किंवा चरबीचा कण, असे धोके आहेतच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जन्सच्या पाहणीत मृत्यूचं प्रमाण साधारण पाच हजारांत एक निघालं. मे २०२२ मध्ये बंगळुरूत २१ वर्षांची कन्नड टीव्ही अभिनेत्री चेतना राज चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली.

म्हणून प्रश्न बिनधास्त विचारा. सर्जन प्लास्टिक सर्जरीतले एमसीएच किंवा डीएनबी आहेत का? भूलतज्ज्ञ आणि आयसीयू हाताशी आहे का? किती लिटर काढणार? पाच लिटरच्या वर गेलं की जोखीम वाढते. बिल मात्र बहुधा तुमच्याच खिशातून. निव्वळ सौंदर्यासाठीच्या सर्जरीला मेडिक्लेम पैसे देत नाही. कंबर, शुगर न बघताच कुणी पॅकेज आणि ईएमआय समजावू लागलं, तर सरळ उठा.

वजन काही महिने स्थिर आहे, कंबर रेषेच्या आत आहे, त्वचा घट्ट आहे आणि तरी मूठभर चरबी छळतेय? मग चांगल्या सर्जनला जरूर भेटा. पोट टणक असेल, तर लायपोचे पैसे वाचवा आणि शूज घाला. आतली चरबी जितकी घातक, तितकीच ती चालण्या-पळण्याला लवकर दाद देते. काटा हलला नाही, तरी बेल्टचं एक भोक पुढे सरकेल!