चाक का उसळते?

विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या, खाचखळग्यांतून धावणाऱ्या गाड्यांची ‘बाहा’ स्पर्धा इंदूरजवळ पीथमपूरला २००७ साली सुरू झाली. त्या स्पर्धेसाठी आम्हीही गाडी बांधली; मागच्या चाकांचे काम माझ्याकडे होते. सरावात चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ती चाके धडधडत उसळत. मी स्प्रिंगला दोष देऊन ती कडक केली. दुसऱ्याच दिवशी चाक फिरविणारा दांडा तुटला!

खरे कारण निराळे होते. चाक सांगाड्याला आर्मने जोडलेले असते व आर्मच्या टोकाशी रबरी बुश असतो. इंजिनाचा जोर येताच बुश दबतो, आर्म किंचित वाकतो आणि चाक जागचे सरकते. टायरची पकड सुटली की दबलेले रबर चाकाला परत ढकलते. पुन्हा पकड, पुन्हा दाब. एका सेकंदात हे अनेकदा घडते आणि प्रत्येक हिसका त्या दांड्याला बसतो.

मग मी जाड नळीचे आर्म आणि पॉलियुरेथेनचे कडक बुश बसविले. उसळी पुष्कळ कमी झाली. मात्र रबर जे धक्के गिळत होते, ते आता थेट चालकाच्या पाठीला बसतात. तेव्हा मित्रहो, चाक उसळले तर आधी बुश हलवून पाहावा. स्प्रिंगकडे मागाहून वळावे.