दारू सोडायची आहे? पहिल्या सभेला जाताना...

दौंड : दारू सोडण्याचा निश्चय करूनही अनेक जण मदत मागण्यास कचरतात. दौंडसारख्या गावात रेल्वे स्थानकापासून बाजारपेठेपर्यंत ओळखीचे चेहरे भेटतात. 'कोणी पाहिले तर?' ही भीती त्यामुळे स्वाभाविकच आहे. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' अर्थात 'एए' या स्वमदत गटात म्हणूनच अनामिकतेला मोठे महत्त्व आहे.

अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात १९३५ मध्ये दोन मद्यपींच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट. शुल्क नाही आणि पूर्ण नाव सांगण्याची सक्तीही नाही. सभेत सदस्य स्वतःचे अनुभव सांगतात. नवख्याने केवळ ऐकले तरी चालते. 'बंद' सभा फक्त मद्यपींसाठी असते, तर 'खुल्या' सभेस नातेवाईकही येऊ शकतात. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हे स्वतंत्र गट आहेत.

सभेचा वार, वेळ व ठिकाण 'एए'कडे आधी विचारून घ्यावे. गावात संकोच वाटत असल्यास सुमारे ७५ किलोमीटरवरील पुण्यातील सभेला रेल्वेने जाता येते. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रही पुण्यातच आहे. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत मार्गदर्शन मिळते.

मात्र, रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद करू नये. फिट येणे, भास होणे असे जिवावर बेतणारे त्रास उद्भवू शकतात. त्यामुळे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उपचारांनंतरचा रोजचा संयम टिकवण्यासाठी सभेचा आधार असतो. पहिल्या सभेत मन रमले नाही, तरी आणखी काही सभांना अवश्य जावे.